बेडकाची शेपटी कोण खातं?

जुलैचे दोन-चार पाऊस दणकून पडले की अमरावतीच्या वडाळी तलावाच्या काठाला, छत्री तलावाच्या वाटेवरच्या डबक्यांत, आणि खरं म्हणजे कुठल्याही पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्याशी साचलेल्या पाण्यात काळे ठिपके वळवळायला लागतात. बेडकांची पिल्लं! मोठं डोकं, लांब शेपटी आणि पायांचा पत्ता नाही. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी अशी पिल्लं बरणीत आणून ठेवली होती. आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपटी रोज थोडी आखूड होत गेली. आणि एका सकाळी बरणीच्या काठावर बोटाच्या पेराहून लहान बेडूक ऐटीत बसलेला. शेपटी गायब!

"काकू, शेपटी झडली का जी? बरनीत तं कुठीच दिसून नाही राह्यली," पाचवीतल्या एकाने विचारलं. पठ्ठ्याने बरणीतलं पाणी फडक्यातून गाळून पाहिलं होतं. नुसतं विचारण्याआधी गाळून बघणारी मुलं मला फार आवडतात.

पालीची शेपटी तुटून पडते आणि पडल्यावरही वळवळते, ते तुम्ही पाहिलं असेल. बेडकाच्या पिल्लाचं तसं नसतं. त्याची शेपटी झडत नाही, ती आतल्या आत विरते. शेपटीतली एकेक पेशी आपला कारभार आवरायला घेते. पेशीच्या आत प्रथिनं कापणारी विकरं असतात, त्यांना कॅस्पेज म्हणतात. एरवी ती गप्प असतात. ती जागी झाली की पेशी आक्रसते, तिचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकडा पातळ पडद्यात गुंडाळलेला. हे तुकडे खाऊन टाकणाऱ्या पेशी आसपास असतातच. सगळा माल पुन्हा पिल्लाच्या अंगी लागतो.

आणि त्याला त्या मालाची गरजही असते. त्याच दिवसांत त्याचं तोंड बदलत असतं. शेवाळ पचवणारं लांबलचक आतडं आखूड होऊन किडे पचवायला तयार होत असतं. त्या काळात ते जवळजवळ काही खातच नाही. तेव्हा शेपटी कोण खातं, तर ज्याची शेपटी तोच! उपासाच्या दिवसांतला त्याचा शिधा तो मागे बांधूनच फिरत असतो.

"पन तिले सांगते कोन, का आता मर म्हनून?"

बघा, खरा प्रश्न हा आहे. आणि याचं उत्तर १९१२ साली सापडलं. गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना निरनिराळ्या प्राण्यांच्या अवयवांचे तुकडे खायला घातले. घोड्याच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे तुकडे ज्यांनी खाल्ले, त्यांचे धडाधड बेडूक झाले. वाढायला वेळच मिळाला नाही, त्यामुळे बेडूक झाले ते अगदी इवलेसे. चार वर्षांनी बेनेट ॲलन याने उलटा प्रयोग केला. अगदी लहान पिल्लांची थायरॉईड काढून टाकली. ती पिल्लं वाढत राहिली, चांगली दांडगी झाली, पण बेडूक काही झाली नाहीत. शेपटी तशीच.

म्हणजे हुकूम गळ्यातून येतो. थायरॉईड ग्रंथी (तुमच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हटलंय) रक्तात एक संप्रेरक सोडते. ते शेपटीला पोचतं तेव्हा तिथल्या पेशी मरतात, आणि तेच संप्रेरक पायाच्या जागी पोचतं तेव्हा तिथल्या पेशी वाढतात. एकच रसायन. एकाला सांगतं संप, दुसऱ्याला सांगतं वाढ. मला हे आजही जादूसारखं वाटतं, आणि मी हे दरवर्षी कुणाला ना कुणाला तरी सांगते.

हेच संप्रेरक तुमच्या-माझ्या गळ्यातही तयार होतं. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून तर मिठात आयोडीन घालतात. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातला कुणी म्हणेल, आमचं विहिरीचं पाणीच खारट, आम्हाला काय गरज? पण खारट चव म्हणजे आयोडीन नव्हे. मीठ आयोडीनचंच आणायचं.

आता जरा स्वतःकडे पाहा. तुम्ही हे पान वाचताय तेवढ्यात तुमच्या अंगातल्या कोट्यवधी पेशी मेल्या. दचकू नका. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज साधारण ३३ हजार कोटी पेशी जुन्या जाऊन नव्या येतात. त्यांत सगळ्यात जास्त रक्तातल्या. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. आतड्याच्या अस्तरातली पेशी तर चार-पाच दिवसांचीच पाहुणी. आईच्या पोटात असताना तुमच्या हाताची बोटं आधी एकमेकांना जोडलेली होती, मधल्या पेशी मेल्या म्हणून ती सुटी झाली. नाहीतर बदकासारखे पंजे घेऊन शाळेत गेला असतात!

झाडांतही हे चालतं. आपल्या वऱ्हाडात कापसाशिवाय पान हलत नाही, तर कापसाचंच घ्या. बोंडातला प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. ती लांबत लांबत अडीच-तीन सेंटिमीटर होते, आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि मरते. बोंड फुटून पांढरा कापूस बाहेर येतो, तेव्हा त्यातले तंतू मेलेले असतात. तुमच्या अंगातला सुती शर्ट म्हणजे लाखो मेलेल्या पेशींच्या भिंती आहेत, म्हटलं तर.

तर पेशींचं मरण हे रोजचं काम आहे. पण मरण मरणात फरक असतो. पाय चुलीवर भाजला, तर तिथल्या पेशी फुटतात, आतला रस बाहेर सांडतो, आजूबाजूला सूज येते, आग होते. हे अपघाती मरण. शेपटीतलं मरण निराळं. तिथे सूज नाही, घाण नाही, सगळं आवरून झाकून. या शिस्तीतल्या मरणाला ॲपॉप्टोसिस असं नाव १९७२ साली तिघांनी दिलं. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी. केर ऑस्ट्रेलियाचे. ते उंदरांच्या यकृतात अशा गुपचूप आक्रसणाऱ्या पेशी पाहत होते. वायली आणि करी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे. त्यांच्यापुढे जी गोष्ट होती ती आपल्या कामाची आहे, कारण ती संप्रेरकाच्या ग्रंथीतच घडत होती.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते, अधिवृक्क ग्रंथी. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. ती जी संप्रेरकं बनवते, त्यांच्यातल्या कॉर्टिसोलवाचून आजारपणात, धावपळीत, भीतीत शरीराला तग धरता येत नाही. पण ती मनाने काम करत नाही. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती एसीटीएच नावाचं संप्रेरक पाठवते, तेव्हा हिचं काम चालतं. ॲबरडीनच्या मंडळींनी उंदरांना कॉर्टिसोलसारखंच एक औषध दिलं. पीयूषिकेला वाटलं, रक्तात भरपूर आहे की! तिने एसीटीएच पाठवणं थांबवलं. आणि अधिवृक्क ग्रंथीतल्या पेशी, कुणी मारलं नाही, काही नाही, आपापल्या शिस्तीत मरायला लागल्या. ग्रंथी आक्रसली. मागणी नाही म्हटल्यावर पेशीही नाहीत.

ही उंदरांची गोष्ट तुमच्या घरातही घडू शकते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कुणाला स्टेरॉईडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील, तर त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी अशाच आक्रसून बसलेल्या असतात. म्हणून डॉक्टर बजावतात, गोळ्या एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा. एकदम बंद केल्या तर बाहेरचं औषध गेलं आणि घरची ग्रंथी अजून जागी नाही, अशी पंचाईत होते. माणूस कोसळू शकतो. आठवडी बाजारात अंगदुखीवर एका दिवसात उतारा देणाऱ्या पुड्या मिळतात ना, त्यांत कधीकधी न सांगता स्टेरॉईडच मिसळलेलं असतं. आजोबांना सांगून ठेवा.

संप्रेरकांच्या ग्रंथींचं दुखणं नीट समजायचं तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. या ग्रंथी फार लहान असतात. पीयूषिकेचं वजन अर्धा ग्रॅम. पोटामागच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, ज्यांना बीटा पेशी म्हणतात, त्या सगळ्या गोळा केल्या तर भरतील एखादा ग्रॅम. आणि या एका ग्रॅमवर तुमच्या पूर्ण अंगातली साखर सांभाळायची जबाबदारी! त्यात आणखी एक अडचण. आतड्याच्या किंवा रक्ताच्या पेशींसारख्या या भराभर नव्या होत नाहीत. मोठ्या माणसाच्या कित्येक बीटा पेशी त्याच्या स्वतःच्याच वयाच्या असतात. गेलेली पेशी भरून येणं अवघड.

तरी ग्रंथी लगेच कुरकुरत नाही. उरलेल्या पेशी जास्त काम करतात आणि बाहेरून काही कळत नाही. लंडनमधले डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली अकरा रोग्यांची हकीकत लिहिली. सगळे थकलेले, खंगलेले, आणि गंमत म्हणजे कातडी सावळी होत गेलेली. मेल्यावर तपासलं तर अधिवृक्क ग्रंथी खराब झालेल्या. काहींच्या क्षयरोगाने पोखरलेल्या. आज आपल्याला माहीत आहे की दोन्हीकडच्या मिळून साधारण ९० टक्के पेशी मरेपर्यंत हा आजार ठळकपणे दिसतच नाही. दहातल्या नऊ गेल्या, तेव्हा कुठे माणूस म्हणतो, आताशा जिना चढवत नाही बुवा.

आणि कातडी सावळी का? ऐका. अधिवृक्कातून उत्तर येईना म्हणून पीयूषिका आणखी, आणखी एसीटीएच पाठवत राहते. हे एसीटीएच ज्या मोठ्या प्रथिनापासून कापून बनतं, त्याच प्रथिनातून कातडीचा रंग गडद करणारं संप्रेरकही निघतं. ते वाढतं, आणि एसीटीएच स्वतःही फार झालं की रंगाच्या पेशींना तोच इशारा देतं. दुखणं मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं आणि खूण उमटते तळहाताच्या रेषांवर, हिरड्यांवर. या रोग्यांना मीठही खावंसं वाटतं, कारण शरीरातलं मीठ राखून ठेवणारं संप्रेरकसुद्धा त्याच ग्रंथीतून यायचं. आपल्या देशात क्षयरोग अजून गेलेला नाही, त्यामुळे ॲडिसनच्या या आजाराचे रोगी पाहताना इथल्या डॉक्टरांना क्षयाची शंका आजही घ्यावी लागते.

पण सगळ्याच ग्रंथी जंतूंनी मरत नाहीत. पुन्हा १९१२ सालात चला, गुडरनाचच्या त्याच वर्षात. जपानचे हाकारू हाशिमोतो नावाचे तरुण डॉक्टर. चार बायकांच्या गळ्यातली सुजलेली थायरॉईड त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गाठ वाढलेली, पण तिच्यात थायरॉईडच्या पेशी कमी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची गर्दी. जंतू कुठेच नाहीत. मग ही पांढरी फौज तिथे कशाला आली होती? हाशिमोतोंनी जर्मन भाषेत निबंध लिहिला, पुढे आपल्या गावी परतले आणि साधा दवाखाना चालवत राहिले. आज थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्या तुमच्या मावशीच्या, काकूच्या कागदावर त्यांचं नाव सापडण्याची शक्यता बरीच आहे.

त्या गर्दीचा उलगडा व्हायला खूप वर्षं गेली, आणि उलगडा झाला तो दुसऱ्याच एका ग्रंथीत. ती आपल्या छातीच्या हाडामागे असते. थायमस. तुमच्या वयात ती चांगली मोठी असते, मोठेपणी आक्रसून चरबी होते. १९६१ पर्यंत ती बिनकामाचीच मानत. त्या वर्षी जॅक मिलर यांनी नुकत्या जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली आणि ते उंदीर साध्या साध्या रोगांना बळी पडू लागले. रोगांशी लढणाऱ्या टी पेशी इथेच तयार होतात, हे तेव्हा कळलं.

अमरावतीकरांना हे समजावणं सोपं आहे. १९१४ पासून आपल्याकडे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. समजा, थायमस हा तसाच एक आखाडा. नवी नवी पोरं उतरतात. वस्ताद दोनच गोष्टी तपासतो. तुला पकडीत काही धरता येतं का? आणि तू आपल्याच माणसाला तर धोपटत नाहीस ना? पहिल्या परीक्षेत नापास झालेली मरतात, दुसरीत नापास झालेलीही मरतात. इथे आखाड्याची उपमा जरा क्रूर होते, कबूल. थायमसमध्ये शिरलेल्या टी पेशींपैकी शंभरांतल्या पंचाण्णवांहून जास्त बाहेर येतच नाहीत. त्या तिथेच मरतात, बेडकाच्या शेपटीसारख्या, शांतपणे.

आता वस्तादाला 'आपली माणसं' कोण, हे दाखवायला तर हवं. म्हणून थायमसच्या काही पेशी एक अजब काम करतात. त्या थोडं थोडं इन्सुलिन बनवतात! साखर कमी करायला नव्हे. टी पेशींना दाखवायला, की पोरांनो, हे बघा, याला इन्सुलिन म्हणतात, हे आपलं आहे. तसंच थायरॉईडचं, अधिवृक्काचं, अंगातल्या हरतऱ्हेच्या प्रथिनांचं थोडं थोडं प्रदर्शन तिथे मांडलेलं असतं. ज्यांच्या थायमसमध्ये उपजतच इन्सुलिन कमी दाखवलं जातं, त्यांना लहानपणी मधुमेह व्हायचा धोका जास्त असतो, असं आढळलं आहे. इन्सुलिन नीट दाखवलंच नाही, तर त्यावर तुटून पडणारी पेशी नापास कशी व्हायची? ती पास होऊन बाहेर पडते.

गोष्ट इथे उलटी फिरते बघा. ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या मेल्या नाहीत, म्हणून ज्या जगायला हव्या होत्या त्या मेल्या. हाशिमोतोंना दिसलेली गर्दी अशीच सुटलेली होती.

अशी चुकार पेशी तुमच्या-माझ्यातही असते बरं का. कुठलाच आखाडा एवढा कडक नसतो. मग आपल्याला सगळ्यांना का होत नाही असा आजार? शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञाला याच प्रश्नाने पछाडलं. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी उंदराची थायमस काढली, तर एक विचित्र गोष्ट होते. लढणाऱ्या पेशी कमी व्हाव्यात, तर त्या उलट थायरॉईड, बीजकोश, जठर अशा स्वतःच्याच अवयवांवर चालून जातात. साकागुचींनी धडधाकट उंदराच्या टी पेशी त्यांना दिल्या, आणि हल्ला थांबला. म्हणजे टी पेशींत काही अशा असतात, ज्या लढत नाहीत, इतरांना आवरतात. १९९५ साली त्यांनी या आवरणाऱ्या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. अमेरिकेत मेरी ब्रँको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली त्यांच्यामागचं जनुक शोधलं. ते जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह होऊ शकतो. या तिघांना २०२५ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

"पन काकू, ते टी पेशी मारते कशी? चावते का?"

चावत नाही. ती बीटा पेशीला चिकटते, तिच्या पडद्याला बारीक भोकं पाडते आणि आत काही विकरं सोडते. ती विकरं आत जाऊन कुणाला उठवतात? कॅस्पेजना! शेपटीत जागी झालेली तीच. पेशी मारायला शरीराकडे फार निराळी हत्यारं नाहीत. बेडकाच्या पिल्लाला ज्यामुळे उड्या मारता येतात, त्याच यंत्रणेमुळे एखाद्या मुलाचं इन्सुलिन संपतं. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतं आणि बऱ्याचशा बीटा पेशी गेल्यावर काही आठवड्यांत सगळं एकदम दिसायला लागतं. खूप तहान, सारखी लघवी, भरपूर खाऊनही वजन उतरतं, आधी कोरड्या अंथरुणात झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं.

आता अडचण पाहा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तहान कोणाला लागत नाही? म्हणून आपल्याकडे ही खूण सहज नजरेतून निसटते. नळावर पाणी पिणारी दहा पोरं, त्यातलं एक आजारी आहे हे कळणार कसं? लघवीवरून कळतं. उन्हाळ्यात घाम गेल्यामुळे बाकीच्यांना लघवी कमी होते, याला मात्र रात्रीतून चार वेळा उठावं लागतं. असं कुणी असेल तर त्याच दिवशी साखर तपासायला न्यायचं. बोटाला टोचून एक थेंब रक्त, एवढंच. आणि लहानपणीचा हा मधुमेह पेढे-जिलेबी खाऊन होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. वर्गात त्याच्या शेजारी खुशाल बसा.

जानेवारी १९२२ च्या आधी अशा मुलांना वाचवायला काहीच नव्हतं. त्या महिन्यात कॅनडातल्या टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. पहिली सुई फारशी लागू पडली नाही, अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा दिला, आणि पोरगं उठून बसलं.

तेव्हापासून हिशेब सरळ आहे. ज्या पेशी मेल्या, त्यांचं काम बाहेरून करायचं. रोज, दिवसातून अनेकदा, जन्मभर. पण हिशेब सरळ असला तरी परवडायला हवा. विदर्भात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे एका बाटलीचे पैसे म्हणजे कापूस वेचायच्या मजुरीचे कितीतरी दिवस. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट अशा घरांतल्या मुलांना इन्सुलिन पुरवत आला आहे.

इन्सुलिन मिळालं तरी ते ठेवायचं कुठे? इन्सुलिन हे प्रथिन आहे, उन्हाने बिघडतं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे ३० अंशांच्या खाली राहिली तर बहुतेक प्रकारांना चालतं. पण पत्र्याच्या घरात, फ्रिज नसताना, चैत्र-वैशाखात ३० अंश आणायचे कुठून? कुंभाराकडून! मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्याच्या आत कोरड्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितकं हे काम चांगलं होतं, आणि कोरड्या हवेच्या बाबतीत अकोल्याचा हात कोण धरणार? श्रावणात, हवा दमट असताना, मडकं तितकं गार होत नाही. पण तेव्हा ऊनही उतरलेलं असतं. बाटली बर्फाला मात्र टेकवायची नाही. गोठलेलं इन्सुलिनही फुकट जातं.

मेलेल्या बीटा पेशींच्या जागी नव्या घालता येतील का? येतात. मूळपेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या इन्सुलिनच्या पेशी बारा जणांना दिल्या, त्यातल्या दहा जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन टोचायची गरज उरली नव्हती, असं २०२५ साली जाहीर झालं. भारी ना? पण त्यांना रोज अशी औषधं घ्यावी लागतात, जी लढणाऱ्या सगळ्याच पेशींना दाबून ठेवतात. कारण आखाड्यातून सुटलेली ती चुकार मंडळी अजून अंगातच आहेत. शिवाय नव्या पेशी परक्याच्या, त्यामुळे बाकीचेही चालून येणार. लहान मुलाला जन्मभर अशी औषधं द्यायला कुठलाही डॉक्टर कचरेल.

म्हणून काही शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूने गेले. टी पेशींना दाबण्यापेक्षा नव्या पेशी त्यांना दिसणारच नाहीत, असं केलं तर? स्वीडनमधल्या उप्सालाला ४२ वर्षांच्या एका माणसाच्या हाताच्या स्नायूत अशा पेशी टोचल्या. दुसऱ्या कुणाच्या तरी स्वादुपिंडातल्या, पण त्यांच्या जनुकांत आधीच असे बदल केलेले की टी पेशींना त्यांची ओळखच पटू नये. लढणाऱ्या पेशींना दाबायचं एकही औषध दिलं नाही. बारा आठवड्यांनी पाहिलं, तर पेशी जिवंत, आणि इन्सुलिन बनवतायत.

"म्हंजे लपवल्या न जी?"

हो, लपवल्या. त्या माणसाला रोजचं इन्सुलिन मात्र अजून टोचून घ्यावंच लागतं, कारण दिलेल्या पेशी अगदी थोड्या होत्या. किती दिल्या म्हणजे सुई सुटेल, आणि लपलेल्या किती वर्षं लपून राहतील, हे आता बघायचं आहे.